खिरटकर आणि गळलेल्या ओळी

कोणी 'बहुतेक' म्हटलं की खिरटकर हातातलं काम थांबवून विचारत, "हा बहुतेक कोनाचा?"

प्रश्न चेष्टेचा वाटे, पण तो चेष्टेचा नसे. समोरचा हसला तर त्याचं हसून होईपर्यंत ते थांबत. त्याने "माझाच, आणखी कोणाचा?" असं कबूल केलं की कागद पुढे सरकवत. "मंग खाली नाव लिहा. उद्या चुकला तं कोनाले विचाराचं ते मालूम पाह्यजे." ते यायच्या आधी आमच्या कार्यालयात हा शब्द दिवसभर चाले. ते आल्यावर त्यांच्या टेबलापासून दहा फुटांच्या आत तो कोणी उच्चारेना. दहा फुटांच्या पलीकडे शासन पूर्वीसारखंच चालू होतं.

कार्यालय वणीतलं. कुठलं ते सांगत नाही. नाव सांगितलं की बाकीची कार्यालयं निर्दोष आहेत असा गैरसमज होतो. कोळशाच्या खाणीत ज्यांची शेतं गेली त्यांच्या याद्या सांभाळणं हे आमचं काम. शेत गेलं त्या घरातल्या एकाला खाणीत नोकरी, असा नियम. यादीत नाव नसेल तर शेत जाऊनही नोकरी नाही, हा त्याच नियमाचा दुसरा अर्धा भाग. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण राजूरपर्यंतच्या प्रत्येक गावाला पाठ होता. मी तिथे मुख्य लिपिक होतो. लोक मला मोठे बाबू म्हणत, आणि मीही ते बरीच वर्षं खरं मानलं.

खिरटकर कंत्राटी होते. पद डेटा एन्ट्री ऑपरेटर, म्हणजे कार्यालयात शिपायाच्या वर की खाली हे कोणालाच नक्की ठाऊक नसलेलं पद. वय पन्नाशीच्या पुढे. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला लाल पेन. त्याआधी वीस वर्षं त्यांचा गावात टायपिंगचा क्लास होता. तालुक्यातल्या निम्म्या टंकलेखकांची बोटं त्यांच्या हाताखाली वळलेली. मशिनी भंगारात गेल्या तेव्हा ते पुस्तक पुढे ठेवून संगणक शिकले, आणि मग प्रोग्राम लिहायलाही. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मलाही, त्यांचं यंत्र आपोआप काम करताना दिसलं तेव्हाच कळलं.

कामाचं स्वरूप सांगायला हवं. आमच्या जुन्या याद्या संगणकावर होत्या, पण फार जुन्या काळातल्या. तेव्हा मराठीचा फॉन्ट ज्याचा त्याचा वेगळा. फाईलच्या पोटात अक्षरं नसतात, नुसते आकडे असतात. एका फॉन्टात जो आकडा 'क' तोच दुसऱ्यात 'ल'. आपण कोणत्या फॉन्टात लिहिले गेलो हे फाईल स्वतः सांगत नाही. नव्या संगणकावर उघडली की पडद्यावर नुसता चिखल दिसे. तो आकडा आकडा करून वाचायचा, कोणतं अक्षर ते ओळखायचं, आणि सगळीकडे सारखंच वाचलं जाईल अशा नव्या पद्धतीत पुन्हा लिहायचं. नव्या पद्धतीत मराठीचं प्रत्येक अक्षर तीन आकड्यांचं, आणि पहिला आकडा नेहमी दोनशे चोवीस. खिरटकर पडद्यावर आकड्यांच्या रांगा उघडून बसत आणि दोनशे चोवीस दिसायला लागले की खुर्चीत मागे रेलत. "पोचली घरी," म्हणत.

त्यांचा प्रोग्राम न ओळखलेल्या आकड्यापाशी थांबे. नुसता थांबून राही. कोणत्या फाईलची कोणती ओळ, एवढं दाखवी आणि खिरटकर येईपर्यंत पुढे सरकत नसे. हा त्या प्रोग्रामचा दोष आहे असं आमच्या साहेबांचं मत होतं. खिरटकरांचं मत, तो त्याचा एकमेव गुण आहे.

आणखी एक सवय. चहाला उठताना ते उघडी फाईल बंद करत. दोन मिनिटांसाठी असो, कोणी हाका मारत असो, आधी फाईल बंद, मग माणूस उभा. आमचा नाझर त्यांना चिडवायचा, "काहून जी खिरटकर, फाईल काय पळून चालली?"

"ते नाई पळत," खिरटकर म्हणत. "अर्धी लिहेल उघडी राह्यली न लाइट गेली, तं उद्या ते अर्धीच सापडते. न अर्धी फाईल पुऱ्या फाईलीसारखीच दिसते."

नाझर हसला. लाइट आमच्याकडे रोज जाते, तरी हसला.

एकदा एका फाईलपाशी सगळंच अडलं. फॉन्ट ओळखला, गावं जुळली, पण मधेमधे एक फुलीसारखी खूण येई. गावाच्या नावात फुली, माणसाच्या नावात फुली. साहेब म्हणाले, फुल्या काढून टाका आणि पुढे चला. खिरटकर तो टंकनाचा ढंग दोन दिवस निरखत बसले. ओळीच्या शेवटी दोन मोकळ्या जागा, प्रत्येक आकड्यानंतर टिंब. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हे मालतीबाईची फाईल हाय. त्यायले दोन जागा सोडाची खोड मीच लावली होती."

मालतीबाई मुदतीआधीच निवृत्त होऊन राळेगावकडे शेतावर राहायला गेल्या होत्या. खिरटकरांनी रजा टाकली आणि एसटीने निघाले. मी का गेलो बरोबर, सांगता येत नाही. कुतूहल म्हणा. बाई कापूस वेचणाऱ्या बायकांना पाणी देत होत्या. खिरटकरांना पाहून त्यांनी आधी हात पदराला पुसले, क्लासात उशीर झालेल्या मुलीसारखे.

"सर, तुमी? इतक्या दूर?"

"बाई, हे फुली कायची?"

त्यांनी कागद लांब धरला आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई! सर, माह्या कंप्युटरचं 'ठ'चं बटन तुटलं होतं. दुरुस्तीचा अर्ज देल्ला होता मी. तो काही मंजूर झाला नाही. मंग म्या 'ठ'च्या जागी फुलीच मारली. म्हटलं बटन आलं की भरीन."

"किती दिवस?"

"रिटायर होईपर्यंत," बाई म्हणाल्या.

परतीच्या गाडीत खिरटकर खिडकीबाहेर बघत होते. शासनाच्या एका अर्जाला उत्तर न मिळाल्यामुळे एका तालुक्यातली सगळी गावठाणं फुलीवर टेकली होती, आणि हे जगात फक्त कापूस वेचून घेणाऱ्या एका बाईला ठाऊक होतं. मी तसं म्हणालोही. ते म्हणाले, "बाई जित्या हाय हे नशीब. फुल्या काढून टाकल्या असत्या तं हेबी विचाराले जागा राह्यली नसती."

पावणेदोन वर्षांत त्यांनी सगळ्या याद्या नव्या पद्धतीत आणल्या. प्रत्येक ओळ. शेवटची फाईल बंद केली त्या दिवशी त्यांनी टेबल पुसलं आणि वेळ झाल्यावर घरी गेले. समारंभ झाला नाही. समारंभ नंतर झाला, दुसऱ्यांचा.

या याद्या राज्याच्या मोठ्या संगणकावर पाठवायचं काम बाहेरच्या कंपनीला मिळालं. कंपनीची दोन मुलं आणि एक मुलगी आली, गळ्यात ओळखपत्रांचे पट्टे घालून. त्यांच्या पडद्यावर निळ्या रंगाची नळी होती: एका टोकाने फाईल आत जाते, दुसऱ्या टोकाने नागरिक आनंदी होतो. उद्घाटनाला संगणकाला हार घातला होता, कळफलकावर हळदकुंकू होतं, आणि साहेबांनी बटण दाबायच्या आधी नारळ फोडला. पाणी कळफलकावर उडू नये म्हणून शिपायाने वर टॉवेल धरला. साहेबांच्या भाषणात डेटा हा या युगाचा कोळसा होता. सभागृहात बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांची शेतं आधीच्या युगाच्या कोळशात गेली होती, त्यामुळे टाळ्या जरा उशिरा आल्या.

खिरटकर मागच्या रांगेत होते. प्रश्न विचारायला सांगितलं तेव्हा उभे राहिले. "नळीत किती ओळी टाकल्या न पल्याड किती निंघाल्या, हे कोन मोजते?"

कंपनीचा एक मुलगा इंग्रजीत छान हसला. "सर, ते सिस्टिम स्वतः मोजते."

"सिस्टिमले कोन मोजते?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. आभारप्रदर्शन झालं.

पहिल्या आठवड्यात नळी दर थोड्या वेळाने अडे. मुलं वैतागली. साहेबांना तारखेच्या आत शंभर टक्के काम दाखवायचं होतं. बाकीचे तालुके पुढे चालले होते. मग एका दुपारी नळी अडायची थांबली. सगळ्यांना हायसं वाटलं. खिरटकरांनी त्या मुलीला विचारलं, "काय केलं बाई तुमी?" तिने सरळपणे सांगितलं. जी ओळ वाचता येत नाही ती सोडून पुढे जायचं, अशी एक सोय असते. ती चालू केली. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. तिला तसं शिकवलंच होतं.

"न सोडलेल्या ओळी कुठी जाते?"

"कुठे नाही, काका. सोडल्या म्हणजे सोडल्या."

महिनाभरात अंतिम यादी छापून व्हरांड्यात लागली. त्यानंतर तीन दिवसांनी बेबीताई आल्या. राजूरच्या अलीकडच्या गावच्या, नवरा वारलेला, साडेचार एकर खाणीत गेलेलं. नोकरीसाठी मुलीचं, वैशालीचं नाव दिलेलं, आणि वैशालीची वयोमर्यादा पुढच्या वर्षी संपत होती. त्यांच्याकडे जुन्या यादीची झेरॉक्स होती, घडीवर फाटलेली. त्यात नाव होतं. व्हरांड्यातल्या यादीत नव्हतं.

"सायेब, माहं नाव कुठी गेलं?"

साहेबांनी संगणकात पाहिलं. "तुमचं नाव संगणकात नाही."

"पहिले होतं ना जी. हे पाहा."

"ही प्रत प्रमाणित नाही. संगणकात जे आहे ते अंतिम."

जुने कागदी रजिस्टर मागवावे, तर ते याद्या संगणकावर आल्याच्या आनंदात आधीच नियमानुसार नष्ट करण्यात आले होते. तो प्रस्ताव माझ्याच टेबलावरून गेला होता, व्यवस्थित नमुन्यात.

खिरटकर त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत व्हरांड्यात उभे राहू लागले. एका हातात पट्टी, दुसऱ्या हातात स्वतःच्या फाईलींच्या छापील प्रती. पट्टी एकेक ओळ खाली सरके. येणारेजाणारे त्यांना वळसा घालून जात. नवव्या दिवशी ते माझ्याकडे आले. एकोणचाळीस ओळी गळल्या होत्या. पण त्यांना अस्वस्थ केलं होतं ते वेगळ्याच गोष्टीने.

"मोठे बाबू, हे पाहा. एक गेली, मंग साधारन तितक्याच ओळीनंतर दुसरी, मंग तिसरी. चोर असा अंतर मोजून चोरी करत नाई."

मला कळलं नाही. त्यांनी माझ्या टेबलावरची तीन पेनं ओळीत ठेवली.

"हे तिघं एका घरचे. यवतमाळच्या गाडीसाठी उभे राह्यले. पहिली गाडी भरली. दोघं चढले, तिसरा खाली राह्यला, मागच्या गाडीत चढला. आता कंडक्टर म्हणते, पूरं घर एका गाडीत दिसलं तरच तिकीट. पहिल्या गाडीत दोघंच दिसले, उतरवले. दुसऱ्यात एकटाच दिसला, तोबी उतरवला. गेलं घर. यायनं फाईल सारखे तुकडे करून वाचली न प्रत्येक तुकडा येगळा उलगडला. अक्षराचे तीन आकडे, कापलं मधातून. दोन इकडं, एक तिकडं. दोन्हीकडं वाचता येईना, मंग पूरी ओळ सोडली. फाईलीत काहीच चूक नाई, बाबू. तुकडे जोडून मंग वाचा, सगळे दिसतीन. अर्ध्या घंट्याचं काम हाय."

म्हणजे बेबीताईंशी कोणाचं वैर नव्हतं. कोणी लाच मागितली नव्हती, कोणी नाव खोडलं नव्हतं. त्यांचं नाव कापणीच्या रेषेवर आलं, एवढाच अपराध. त्यांचं शेत खाणीच्या हद्दीवर आलं तेव्हाही त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं.

आम्ही साहेबांकडे गेलो. म्हणजे खिरटकर गेले. मी दार उघडं ठेवायला गेलो. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि पडदा वळवून दाखवला. "खिरटकर, इथे त्रुटी शून्य दाखवतंय."

"त्रुटी मोजाचं बंद केलं तं शून्यच दिसन सायेब."

"आणि पूर्णता शंभर टक्के."

"जे पोचले त्यायच्यातले शंभर टक्के. उतरवलेले मोजलेच नाही."

साहेब मराठी वाङ्मयाचे पदवीधर होते, त्यामुळे त्यांना वाक्य आवडलं. पण पुढच्या आठवड्यात जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांचा सत्कार होता. दुरुस्ती करायची तर आधी चूक झाली असं लिहून द्यावं लागलं असतं. त्याऐवजी एक प्रमाणपत्र तयार झालं: मूळ फाईल व पाठवलेली यादी यांची ओळीगणिक पडताळणी केली, तफावत आढळली नाही. खाली दोन सह्यांची जागा. ऑपरेटर आणि मुख्य लिपिक.

खिरटकरांनी ते पूर्ण वाचलं आणि लाल पेनाने त्यावर लिहिलं, 'एकोणचाळीस ओळी आढळल्या नाहीत. यादी सोबत जोडली आहे.' साहेबांनी दुसरी प्रत काढायला लावली. तिच्यावर ऑपरेटरची जागाच नव्हती. तिच्यावर मी सही केली. निवृत्तीला चौदा महिने होते. हे कारण म्हणून सांगत नाही. त्या वेळी मनात तेवढंच होतं, म्हणून सांगतो.

महिन्याच्या शेवटी खिरटकरांचं कंत्राट वाढवलं गेलं नाही. निरोप समारंभ कंत्राटी माणसाला नसतो. त्यांनी टेबल पुसलं, खुर्ची आत सरकवली, आणि जाताना माझ्याजवळ थांबून म्हणाले, "अर्ज करतो बेबीताईच्या नावानं. वर सुनावनी लागन. तुमालेबी बोलावतीन."

सुनावणी यवतमाळला लागली, पाच महिन्यांनी. मधल्या काळात खिरटकर बाकीच्या अडतीस घरीही जाऊन आले होते. काही जणांनी अर्ज केले, काहींनी त्यांनाच विचारलं की यात तुमचा काय फायदा. एका घरी त्यांना कंपनीचा माणूस समजून हाकललं. बेबीताईंचा अर्ज पहिला होता. त्याचं जे होईल ते बाकीच्यांचं होणार होतं. आणि वैशालीच्या वयाचे चार महिने उरले होते.

एकेकाला आत बोलावत होते. बेबीताईंचं झालं, त्या बाहेर बाकावर जाऊन बसल्या. मग खिरटकर. मी कार्यालयाचा प्रतिनिधी म्हणून आतच होतो. खिरटकरांनी छापील पानं मांडली, गळलेल्या ओळींखाली लाल रेघ, अंतरं लिहिलेली. अधिकाऱ्यांनी पानं उलटली. माणूस वाईट नव्हता, घाईत होता.

"आपण सध्या कोणत्या पदावर?"

"कोनत्याच नाही."

"मग हा अहवाल कोणत्या नात्याने दिलाय?"

"फाईल वाचली, त्या नात्यानं."

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं नाही. ते माझ्याकडे वळले. समोर माझ्या सहीचं प्रमाणपत्र होतं. "मोठे बाबू, प्रश्न एवढाच आहे. ओळीगणिक पडताळणी तुम्ही केली होती का? नसेल तर तसं सांगा, मी फाईल पुन्हा पाठवायला सांगतो. आज आदेश काढतो."

इतकं सोपं करून मला आयुष्यात कोणी काही विचारलं नव्हतं. खिरटकर माझ्याकडे बघत नव्हते. ते आपली पानं एकसारखी करत होते, मला अडचण होऊ नये म्हणून असावं.

मी म्हणालो, "केली होती."

अर्ज पुराव्याअभावी फेटाळण्यात आला. पंख्याखाली कागद उडू नये म्हणून शिपायाने त्यावर पेपरवेट ठेवला.

बाहेर आलो तेव्हा बेबीताई बाकावरून उठल्या. खिरटकरांनी त्यांना दोन शब्दांत निकाल सांगितला होता. वैशाली भिंतीकडे तोंड करून उभी होती. बेबीताई माझ्यासमोर आल्या आणि त्यांनी हात जोडले.

"नाई झालं तं नाई झालं, बाबूजी. पन तुमी इतक्या दूरून आमच्यासाठी आले. हापिसातलं दुसरं कोनी आलं नाई." त्यांनी पिशवीतून उकडलेल्या शेंगांची पुडी काढून माझ्या हातात ठेवली. "गाडीत खासान."

मी खिरटकरांकडे पाहिलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं त्यांना, आणि ते वाक्य त्यांच्या हक्काचं होतं. त्यांनी पानांची पिशवी उचलली. "चाला ताई," एवढंच म्हणाले, "वणीची गाडी लागली असन."

मी बाजारात काम असल्याचं सांगून मागे राहिलो, पण पाय स्थानकाकडेच गेले. गाडी गच्च भरली होती. खिरटकरांनी कोणाला तरी विनवून मायलेकींना एक जागा मिळवून दिली होती आणि स्वतः दांडा धरून उभे होते. पानांची पिशवी बगलेत घट्ट धरलेली. वैशाली काहीतरी विचारत होती, बहुतेक आणखी कुठे दाद मागता येते का ते. ते वाकून ऐकत होते. मग त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. तिने पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा मान हलवली. गाडी मागे आली, वळली, आणि त्यांचा चेहरा खिडकीतून सरकत माझ्या समोर आला. त्यांना मी दिसलो. मी शेंगांची पुडी हातात धरून उभा होतो. त्यांनी ओळख दाखवण्यापुरता हात वर केला, आणि गाडीने हिसका दिला तसा लगेच पुन्हा दांडा धरला.